वाचकांचे प्रश्न : खऱ्या साखरेचे जिंजर एल नाशिकमध्ये मिळेल का?

प्रश्न : सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी मुलीच्या बाळंतपणासाठी मी चार महिने टोरांटोला राहून आले. तिच्याकडे दुपारच्या जेवणानंतर काचेच्या बाटलीतले जिंजर एल, म्हणजे आल्याचे फसफसणारे गोड पेय, पिण्याची सवय लागली. त्या बाटलीवर 'उसाची साखर' असे ठळक लिहिलेले असे, आणि आल्याचा तिखटपणा घशाशी स्वच्छ जाणवत असे. नाशिकला परतल्यावर मी एका दुकानातून आल्याच्या गड्ड्याचे चित्र असलेली बाटली आणली. चव पहिल्या घोटाला बरी वाटली, पण नंतर बराच वेळ जिभेवर एक विचित्र गोडी रेंगाळत राहिली. चश्मा लावून मागची बारीक अक्षरे वाचली तेव्हा साखरेच्या पुढे ९५० आणि ९५५ असे आकडे दिसले. शीतपेयांत हल्ली साखरेऐवजी मक्याचा पाक घालतात, असे मुलगी सांगत असते. आपल्याकडेही तसेच आहे का? खऱ्या साखरेचे चांगले जिंजर एल नाशिकमध्ये कुठे आणि कसे शोधावे?
— एक वाचक भगिनी, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपण बाटली उलटी करून वाचलीत, तिथेच अर्धे काम झाले. आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ते आधी सुटे करू या, कारण कन्येने सांगितलेली अडचण तिकडची आहे आणि आपल्याला आलेला अनुभव इकडचा आहे.

मक्याचा पाक, म्हणजे हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, हा प्रामुख्याने अमेरिकेचा विषय आहे. तिथे मका मुबलक पिकतो आणि आयात साखरेवरील कोट्यामुळे साखर जागतिक बाजारापेक्षा महाग पडते. म्हणून १९७० च्या दशकापासून पेयांच्या कारखान्यांनी हळूहळू या पाकाकडे मोर्चा वळवला आणि १९८४ पर्यंत तिथल्या दोन्ही मोठ्या कोला कंपन्यांनी साखर जवळजवळ पूर्ण सोडली. तिकडे बाटलीवर 'उसाची साखर' हे शब्द एवढ्या अभिमानाने छापले जातात ते त्यामुळेच. आपल्याकडचे चित्र उलटे आहे. साखर उत्पादनात ब्राझील आणि भारत हे जगातले दोन आघाडीचे देश, आणि भारतात उत्तर प्रदेशाच्या बरोबरीने महाराष्ट्र. आपल्याच जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातला कादवा कारखाना गाळप करतो आणि हंगामात निफाड-दिंडोरीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी हळू चालवावी लागते, हे आपण दर हिवाळ्यात पाहता. अशा देशात पेय गोड करायला मक्याचा पाक वापरण्याचे फारसे कारण नाही, आणि इथे तयार होणाऱ्या शीतपेयांत गोडीसाठी सर्वसाधारणपणे साखरच असते.

आपल्याकडची खरी अडचण आपल्याला दिसली तीच आहे : साखर असते, पण अर्धीमुर्धी, उरलेली गोडी स्वीटनर, म्हणजे साखरेऐवजी वापरायचे गोड पदार्थ, भरून काढतात. ९५० म्हणजे एसेसल्फेम पोटॅशियम, ९५५ म्हणजे सुक्रालोज. त्याच कुळातले ९५१ म्हणजे अस्पार्टेम आणि ९६० म्हणजे स्टीव्हियापासून काढलेली गोडी. हे आकडे पाठ करण्याची गरज नाही. ९५० ते ९६० च्या टप्प्यातला आकडा दिसला की थांबावे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. सुक्रालोजची गोडी जिभेवर साखरेपेक्षा उशिरा चढते आणि उशिरा उतरते. जिंजर एलमध्ये हे विशेष खटकते, कारण आल्याचा तिखटपणा ओसरल्यावर तोंड स्वच्छ व्हावे हीच या पेयाची खरी खुबी, आणि नेमक्या त्या क्षणी ही उशिराची गोडी येऊन बसते. आपल्याला जी विचित्र गोडी जाणवली ती हीच.

दुकानात उभे राहून काय वाचावे, ते सांगतो. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. म्हणजे कार्बोनेटेड पाण्यानंतर लगेच साखर आली पाहिजे. स्वीटनर असल्यास तसा उल्लेखही वेष्टनावर बंधनकारक आहे, फक्त तो बहुधा पाठीमागे आणि बारीक अक्षरांत असतो. त्यानंतर पोषणमूल्यांचा तक्ता पाहावा. पूर्ण साखरेच्या जिंजर एलमध्ये १०० मिलिलिटरमागे साधारण ८ ते ९ ग्रॅम साखर असते. तक्त्यात ४ किंवा ५ ग्रॅमच दिसत असेल आणि पेय मात्र भरपूर गोड लागत असेल, तर उरलेली गोडी कुठून आली हे घटकांच्या यादीत सापडेलच. साखर खरोखरच कमी घालून पेय मुद्दाम कमी गोड ठेवलेले असेल, तर ती गोष्ट वेगळी. तसे जिंजर एल मला स्वतःला अधिक आवडते. 'इन्व्हर्ट शुगर सिरप' असे शब्द दिसले तर घाबरू नये. तो साखरेपासूनच केलेला पाक असतो.

आयात केलेल्या बाटल्यांच्या बाबतीत एक सावधगिरी हवी. अमेरिकेत भरलेल्या कॅनमध्ये मक्याचा पाक असू शकतो. ब्रिटनमध्ये एप्रिल २०१८ पासून १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा अधिक साखर असलेल्या पेयांवर कर लागू झाला, तेव्हा तिथल्या अनेक उत्पादकांनी साखर कमी करून तिच्या जागी स्वीटनर आणले. त्यामुळे एकाच नावाचे पेय तीन देशांत तीन प्रकारचे असू शकते. नावावर विसंबू नये आणि नावापुढे 'लाइट' असेल तर दुप्पट बारकाईने वाचावे. परदेशी पेयांपैकी फीव्हर-ट्रीच्या जिंजर एलचा उल्लेख करावासा वाटतो, कारण ते नायजेरिया, आयव्हरी कोस्ट आणि आपल्या कोचीनचे अशी तीन ठिकाणची आली वापरतात. कोचीनचे आले काचेच्या बाटलीतून परदेश फिरून आपल्याकडे परत येते, याचे मला दर वेळी अप्रूप वाटते. किंमत मात्र रोज पिण्याजोगी नाही.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. 'खरी साखर' हा शब्द जितका महत्त्वाचा वाटतो तितका चवीच्या दृष्टीने निर्णायक नाही. साखर म्हणजे सुक्रोज. त्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकेक जोडलेले असतात. पेय आंबट असल्यामुळे ही जोडी बाटलीतच हळूहळू सुटत जाते. म्हणजे काही महिने दुकानात राहिलेल्या बाटलीत साखरेचा बराच भाग मुळात ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच झालेला असतो. मक्याच्या पाकातही तेच दोन घटक असतात, फ्रुक्टोज सुमारे ५५ टक्के आणि ग्लुकोज सुमारे ४२ टक्के. स्वीटनर आणि साखर यांतला फरक जिभेला लगेच कळतो. साखर आणि मक्याचा पाक यांतला फरक ओळखणे त्या मानाने फार अवघड आहे. टोरांटोच्या बाटलीतले जे आपल्याला आठवते आहे, त्यात साखरेचा वाटा आहेच, पण माझ्या मते त्याहून मोठा वाटा आल्याचा होता.

आणि इथे बाजारातल्या बहुतेक बाटल्या उघड्या पडतात. घटकांच्या यादीत आल्याचा रस किंवा आल्याचा अर्क आहे, की नुसता 'फ्लेवर' आहे, हे साखरेइतकेच काळजीपूर्वक पाहावे. वेष्टनावर आल्याच्या गड्ड्याचे मोठे चित्र आणि आत केवळ 'निसर्गसदृश', म्हणजे कृत्रिमरीत्या बनवलेला स्वाद, असे पेय साखरेचे असले तरी त्याला मी चांगले म्हणणार नाही. त्यातून आल्याचा वास येतो, पण घशाशी काहीच लागत नाही.

आणखी एक खुलासा. नावात 'एल' असले तरी यात मद्य नसते. जिंजर बिअर हे मुळात आंबवलेले, तिखट पेय. जिंजर एल हे सोड्याच्या पाण्यात आल्याचा पाक घालून केलेले सौम्य पेय. त्यातही दोन जाती आहेत. जुनी सोनेरी जात गडद आणि अधिक गोड असते. फिकट, कमी गोड जात 'ड्राय' म्हणून ओळखली जाते. ही दुसरी जात जॉन मॅकलॉफलिन या औषधशास्त्र शिकलेल्या कॅनेडियन उद्योजकाने १९०४ मध्ये टोरांटोतच 'कॅनडा ड्राय' या नावाने आणली. म्हणजे आपल्याला हे पेय त्याच्या गावीच आवडले. अमेरिकेत १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात चोरट्या दारूची उग्र चव झाकायला हे फिकट जिंजर एल फार खपले, आणि तेव्हापासून त्याची ओळख मद्यात मिसळायचे पेय अशीच होऊन बसली.

नाशिकमध्ये शोधताना हा इतिहास उपयोगी पडतो. कोला आणि लिंबाच्या पेयांच्या फ्रिजमध्ये जिंजर एल क्वचितच दिसते. कॉलेज रोड आणि गंगापूर रोडवरच्या मोठ्या किराणा दुकानांत टॉनिक वॉटर जिथे मांडलेले असते त्या फळीवर पाहावे. द्राक्षांमुळे वाइनचे शहर झालेल्या नाशिकमध्ये वाइनच्या दुकानांतही अशा बाटल्या असतात, आणि तिथला माल लवकर खपत असल्याने बहुधा ताजा असतो. बाटली काचेची किंवा कॅन निवडावा; प्लास्टिकच्या बाटलीतून वायू हळूहळू निसटतो आणि दोन-तीन महिने जुनी बाटली फिकी लागते. भरल्याची तारीख पाहूनच घ्यावी.

मेन रोड, रविवार कारंजा, पंचवटी या भागांत सोड्याच्या गाड्यांवर 'जिंजर' मागितले की मिळते, आणि गोटी सोड्याच्या बाटलीतून ते पिण्याचा आनंद निराळाच. ही गोटीची बाटली हायरम कॉड या इंग्रज गृहस्थाने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली. वायूच्या दाबानेच गोटी वर दाबली जाऊन तोंड बंद होते. गाडीवरचे जिंजर बहुतेक ठिकाणी साखरेच्या पाकाचेच असते, पण आले मात्र एसेन्सचे. विचारायला संकोच करू नये : "दादा, पाक घरचा आहे का, आले घातलेले आहे का?" घरचा पाक करणारा विक्रेता हे अभिमानाने सांगतो आणि बरणीही दाखवतो. बरणीच्या तळाशी पांढरट साका बसलेला दिसला तर आनंदाने घ्यावे. तो आल्याचा स्टार्च असतो आणि एसेन्समध्ये तो असूच शकत नाही.

घरी आणलेल्या बाटलीची परीक्षा करायची असेल तर अर्धा पेला झाकण न ठेवता रात्रभर तसाच राहू द्यावा. वायू गेलेले, खोलीच्या तापमानाचे पेय काहीच लपवू शकत नाही. पूर्ण साखरेचे पेय तेव्हा जड, पाकासारखे लागते. स्वीटनरचे पेय पाणचट लागते आणि गोडी मात्र जिभेच्या मागच्या भागावर चिकटून राहते. मी गेल्या आठवड्यात दोन बाटल्यांवर हा प्रयोग केला. सकाळी डोळे मिटून पहिल्या घोटालाच फरक कळला.

इतके सांगूनही माझा मनापासूनचा सल्ला असा, की आल्याचा पाक घरी करावा आणि साधा सोडा विकत आणावा. २५० ग्रॅम आले घ्यावे. शक्यतो जुने, घट्ट सालीचे. हिवाळ्यात येणारे नवे आले रसदार आणि नाजूक असते, पण तिखटपणा जुन्यात अधिक. आले खरवडून घ्यावे. त्यातला तिसरा हिस्सा बाजूला ठेवून उरलेल्याच्या पातळ चकत्या धाग्यांच्या आडव्या कापाव्यात. त्या ५०० मिलिलिटर पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर १५ मिनिटे उकळाव्यात, अर्धा तास तशाच मुरू द्याव्यात आणि सुती फडक्यातून पिळून गाळाव्यात. गाळलेले पाणी तासभर हलवू नये. तळाशी पांढरा साका बसतो, तो मागे ठेवून वरचे पाणी अलगद ओतून घ्यावे. हे साधारण ४०० मिलिलिटर भरेल. कमी पडले तर पाणी घालून तितके करावे. त्यात ४०० ग्रॅम साखर घालून विरघळेपर्यंत गरम करावे, एक उकळी आणावी आणि उतरवावे. पाक कोमट झाल्यावर बाजूला ठेवलेले आले किसून त्याचा रस पिळून त्यात घालावा.

हा शेवटचा कच्चा रस विसरू नये, कारण सगळी मजा त्यात आहे. ताज्या आल्याचा तिखटपणा जिंजेरॉल या घटकाचा असतो. उकळल्यावर त्यातला काही भाग झिंजेरोन या सौम्य, गोडसर घटकात बदलतो आणि वासही वाफेबरोबर उडतो. उलट आले वाळवून सुंठ केली की जिंजेरॉलपासून शोगाओल तयार होते, आणि ते जिंजेरॉलहून तिखट असते. म्हणून ज्यांना घशाशी झणका हवा त्यांनी उकळताना अर्धा चमचा सुंठ पूडही घालावी. गूळ किंवा खांडसरी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे; दोन्ही पदार्थ उत्तम, पण त्यांची स्वतःची चव इतकी ठसठशीत की आले मागे पडते. या पेयाला साधी पांढरी साखरच शोभते.

पाक फ्रिजमध्ये दोन आठवडे चांगला राहतो. पेल्यात ३० मिलिलिटर पाक, एक लहान चमचा लिंबाचा रस आणि वरून १८० मिलिलिटर थंडगार सोडा, या क्रमाने घालावे आणि चमचा एकदाच फिरवावा. यात १०० मिलिलिटरमागे साधारण ९ ग्रॅम साखर होते. कमी हवी असल्यास पाक कमी करणे आपल्या हातात आहे. सोडा आणि पेला दोन्ही अगदी थंड हवेत. शून्य अंशाच्या पाण्यात जितका कार्बन डायऑक्साइड मावतो, त्याच्या निम्माच २० अंशांच्या पाण्यात मावतो. म्हणून कोमट पेल्यात ओतलेला सोडा फसफसून तिथेच संपतो.

प्रश्न : आल्याचे विरजण लावून घरीच फसफसणारे जिंजर पेय करता येते, असे ऐकून मी मे महिन्यात प्रयोग केला. तिसऱ्या दिवशी काचेची बाटली स्वयंपाकघरात फुटली. सुदैवाने कोणी जवळ नव्हते. माझे काय चुकले? आणि मधुमेहामुळे साखरेऐवजी स्वीटनर घालून हे करता येईल का?
— एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : कोणाला इजा झाली नाही, हे ऐकून फार हायसे वाटले. आपली कृती चुकलेली नाही. बाटली आणि महिना चुकला. आल्याच्या सालीवर रानटी यीस्ट असते. सालीसकट चिरलेले आले आणि साखर रोज दोन-दोन चमचे पाण्यात घालत गेले की पाच ते सात दिवसांत ते यीस्ट जोर धरते. हे यीस्ट साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि थोडे अल्कोहोल तयार करते. नाशिकच्या मे महिन्यातल्या उकाड्यात हे काम दुप्पट वेगाने चालते आणि झाकण घट्ट असलेल्या काचेच्या बाटलीत वायूला वाट मिळत नाही.

पुन्हा करायचे असेल तर सोड्याचीच रिकामी प्लास्टिकची बाटली वापरावी आणि वर चार बोटे जागा रिकामी सोडावी. दर काही तासांनी बाटली दाबून पाहावी. दाबली जात नाही इतकी टणक झाली की लगेच फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. थंडीत यीस्ट मंदावते, थांबत नाही. उन्हाळ्यात एक दिवस पुरतो. घरात मद्य वर्ज्य असेल तर या पेयात थोडेफार अल्कोहोल असतेच, हे घरच्यांना आधी सांगावे.

स्वीटनर घालून हे होणार नाही. सुक्रालोज किंवा स्टीव्हियाची गोडी यीस्टला खाता येत नाही, त्यामुळे बाटली शांत राहील. खऱ्या साखरेला पर्याय नसलेली ही एक जागा. मधुमेह असताना सर्वांत सोपा मार्ग म्हणजे साखर न घातलेला आल्याचा काढा गार करून, त्यात लिंबू आणि चिमूटभर मीठ घालून साध्या सोड्याबरोबर घेणे. जिंजर एल म्हणूनच काही हवे असेल, तर २५० मिलिलिटरच्या एका बाटलीत २० ते २२ ग्रॅम साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये दिवसभरात वरून घातलेल्या साखरेसाठी ५० ग्रॅमची मर्यादा आणि शक्य तर २५ ग्रॅमची सूचना केली, तीही निरोगी माणसासाठी. आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

प्रश्न : मुंबईला जाताना कसारा घाटात माझ्या मुलाला हमखास गाडी लागते. जिंजर एल पाजल्याने फायदा होईल का?
— एक वाचक भगिनी, सिडको, नाशिक

उत्तर : मळमळीवर जो काही आराम पडतो तो आल्यामुळे, आणि बाजारातल्या अनेक बाटल्यांत आले नावापुरतेच असते. शिवाय वळणाच्या रस्त्यावर पोटात वायूने भरलेले गोड पेय गेले तर काही मुलांना अधिकच अस्वस्थ वाटते. त्यापेक्षा घाट सुरू होण्याआधी आलेपाकाची एक वडी हळूहळू चघळायला द्यावी, मुलाला पुढच्या सीटवर बसवता येत असेल तर बसवावे आणि मोबाइल बघू देऊ नये. आलेपाक घेतानाही वेष्टन वाचावे : यादीत साखर आणि आले, फार तर दूध किंवा वेलची, एवढेच असावे.